मिदीचा कालवा पुढच्या खेपेला, आधी बोर्दोहून निघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सप्टेंबरात बारा दिवस हाताशी आहेत. तुम्ही ५४, वहिनी ५०. दोघांनी मिळून पुणे ते गणपतीपुळे एकदा सायकलने केलंय. आता फ्रान्समध्ये तुलूझपासून भूमध्य समुद्रापर्यंतचा अख्खा कनाल द्यु मिदी रोज ८० किलोमीटरने करायचा आहे. वहिनी शाकाहारी. सायकली इथून न्याव्यात की तिथे भाड्याने घ्याव्यात, हा शेवटचा प्रश्न.

मी त्या भागात तीनदा सायकल चालवली आहे. (भाचा तुलूझला विमानांच्या कामात आहे, त्यामुळे पहिल्या खेपेचं निमित्त आयतं मिळालं.) पहिल्या वेळी मीही नेमका तुमचाच बेत घेऊन गेलो होतो, म्हणून स्पष्ट सांगतो: सुरुवात मिदीने करू नका. बोर्दोहून गारोनच्या कालव्याने तुलूझला या आणि पुढे मिदीचे फक्त शेलके तुकडे करा.

कारण एकच, काठची वाट. तुलूझहून निघालं की पोर-लोरागेपर्यंतचे साधारण ५० किलोमीटर गुळगुळीत डांबर आहे. तेवढ्यावर विश्वास ठेवून माणूस पुढच्या मुक्कामांची बुकिंगं करतो. तिथून पुढे मात्र बराचसा भाग माती, खडी आणि झाडांची मुळं. ही झाडं प्लेनची, म्हणजे आपल्या काश्मिरी चिनारची भावंडं. त्यांची मुळं वाटेवर आडवी आलेली असतात आणि सावलीत दिसत नाहीत. कॅरियरवर बॅगा लादलेली सायकल त्यावरून तासाला दहा-बारा किलोमीटरपेक्षा जास्त जात नाही, आणि संध्याकाळी मनगटं बोलायला लागतात. ऐंशी किलोमीटर तर सोडाच.

शिवाय फोटोत दिसते तशी सलग सावलीही आता राहिलेली नाही. काठावर प्लेनची सुमारे ४२,००० झाडं होती. २००६ मध्ये त्यांच्यावर एक बुरशीजन्य रोग आढळला. शेजारच्या झाडांची मुळं एकमेकांत गुंतलेली, खाली कालव्याचं पाणी, त्यामुळे तो झाडामागून झाड पसरत गेला. उपाय नसल्यामुळे हजारो झाडं तोडून जाळावी लागली. नवी लावलीत, पण ती अजून पोरसवदा आहेत. काही टप्प्यांवर भर दुपारी तुम्ही उघड्यावर असता.

आता गारोनचा कालवा. तुलूझपासून पश्चिमेला कास्ते-आं-दोर्तपर्यंत १९३ किलोमीटर, १८५६ मध्ये पूर्ण झालेला. लोक याला मिदीचा गरीब भाऊ समजतात, पण काठची वाट पहिल्यापासून शेवटपर्यंत डांबरी आहे. गाड्या नाहीत, चढ नाहीत. बोर्दो ते तुलूझ एकूण २७० किलोमीटरच्या आसपास. रोज ४५-५० धरा, म्हणजे सहा दिवस.

कालवा म्हटलं की पुण्याच्या माणसाला खडकवासल्याचा उजवा कालवा आठवतो, शेतीला पाणी नेणारा. इथले कालवे बोटींसाठी खोदलेले. काठची वाटही सायकलींसाठी केलेली नाही, बोटी दोराने ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती. दर काही किलोमीटरवर लॉक येतं, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोटीला वर-खाली नेणारी दारांची कोठी, फ्रेंचमध्ये एक्ल्यूझ. या कालव्यावर अशी ५३ आहेत. कालव्यावरच्या पहिल्या दिवशी एका लॉकपाशी अर्धा तास बसा. भाड्याच्या बोटीतून सुट्टीवर आलेलं जोडपं येतं, नवरा सुकाणूवर, बायको टोकाला दोर घेऊन उभी. बोट भिंतीला धडकते, दोघं एकमेकांवर ओरडतात, मागची दारं बंद होतात, पाणी खळाळत आत येतं आणि बघता बघता ती बोट भांड्यातल्या दुधासारखी वर चढून तुमच्या गुडघ्यांच्या पातळीला येते. तोवर भांडण मिटलेलं असतं.

सपाट रस्त्याबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती सांगतो. ताम्हिणीत तुम्ही चढताना दमता, पण उतारावर पेडल थांबतं, सीटवरून उठता येतं, अंग मोकळं होतं. कालव्यावर उतारच नाही. पाच तास सलग पेडल, तेच बसणं, हाताची तीच पकड. माझे पाय कधी दुखले नाहीत, पण बूड तिसऱ्या दिवशी संपावर गेलं. म्हणून दर दहा किलोमीटरला उतरून चाला आणि दिवसातून एकदा मुद्दाम कालवा सोडून एखादा चढ चढा. नाहीतरी त्या भागातली बघण्यासारखी गावं टेकाडांवरच आहेत. खाली पाण्याजवळून जाणाऱ्याला ती दिसतही नाहीत, आणि मग लोक परत येऊन सांगतात की कालवा कंटाळवाणा आहे.

कुठे चढायचं? मेय्यां-स्युर-गारोनला चढा, वरच्या सज्जासारख्या जागेवरून नदी आणि कालवा शेजारी शेजारी वाहताना दिसतात. ल मा-दाजने नावाचं टीचभर गाव आहे, तिथल्या चर्चमध्ये रेम्ब्रांटने १६३१ मध्ये काढलेलं क्रुसावरच्या ख्रिस्ताचं चित्र आहे. खुद्द रेम्ब्रांट! मी घामेजलेल्या टी-शर्टात, हातात हेल्मेट घेऊन त्याच्यासमोर उभा होतो आणि अख्ख्या चर्चमध्ये आणखी एक म्हातारी बाई होती, बस. पुढे आजाँ. तिथे कालवाच गारोन नदीवरून पुलाने जातो: २३ कमानी, ५३९ मीटर लांबी, खाली नदी, वर बोटी आणि बाजूने तुमची सायकल. आजाँचे सुके प्लम प्रसिद्ध आहेत, पाकीट घेऊन ठेवा, थकव्याला खजुरासारखे कामाला येतात. (जास्त खाऊ नका, परिणाम कळतील.)

म्वासाकला एक दिवस पूर्ण मुक्काम करा, हा माझा हट्ट समजा. तिथल्या मठाचं ओवरीसारखं चौकोनी अंगण ११०० सालचं. खांबांच्या ७६ माथ्यांवर कोरीवकाम आहे, आणि प्रत्येक माथा वेगळा. एकोणिसाव्या शतकात बोर्दो ते सेत (भूमध्य समुद्रावरचं बंदर) या रेल्वेची आखणी या मठावरूनच आली होती. अंगण वाचलं, मठाचं भोजनगृह गेलं. आजही बाहेर पडलं की लगेच रूळ दिसतात. सप्टेंबरात तिथली शास्ला नावाची पिवळसर द्राक्षं बाजारात येतात. नाशिकच्या माणसाने नाक मुरडायला हरकत नाही, पण चव घेऊन मग मुरडावं.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर: बोर्दो-तुलूझ लोहमार्ग जवळजवळ पूर्णवेळ कालव्याच्या सोबतीने जातो. ला रेओल, मार्मांद, आजाँ, म्वासाक, मोंतोबां, सगळीकडे स्टेशनं. पाऊस लागला, गुडघा धरला, कंटाळा आला तर पुढचं स्टेशन गाठा. टीईआर या प्रादेशिक गाड्यांत सायकल न सोडवता तशीच चढवता येते, फक्त जागा मोजक्या असतात, म्हणून गर्दीची वेळ टाळा. पॅरिसहून बोर्दोला येणारी टीजीव्ही ही वेगवान गाडी दोन तासांत आणून सोडते, पण तिच्यात सायकलची जागा आधी आरक्षित करावी लागते किंवा सायकल सुटी करून पिशवीत भरावी लागते. सायकल बोर्दोतच भाड्याने घेतलीत तर हा प्रश्नच मिटला.

म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: इथून नेऊ नका. बारा दिवसांतला दीड दिवस खोके बांधण्यात आणि सोडण्यात जातो. साधी ट्रेकिंग सायकल घ्या, टायर ३८-४० मिलिमीटरचे, कॅरियर आणि मडगार्डसकट. एका शहरात घेऊन दुसऱ्यात परत करता येते का ते आधीच विचारून ठेवा. ताब्यात घेताना सुट्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बघा. हे का सांगतोय? माझ्या पहिल्या खेपेला कास्तेलनोदारी आणि ब्रामच्या मधे एका मुळाने मागचं टायर खाल्लं. दुकानदाराने दोन ट्यूब दिल्या होत्या, मी निवांत. पिशवी उघडली तर दोन्ही मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हच्या, आणि रिमचं भोक बारीक प्रेस्टाचं. व्हॉल्व्ह भोकात जाईना. पॅचचा डिंक वाळलेला. सहा किलोमीटर सायकल ढकलत ब्रामला पोहोचलो, तो दिवस सोमवार, जे काही होतं ते बंद.

सोमवारचं लक्षात ठेवाच. खेड्यात रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बेकरीसुद्धा बंद असू शकते. शनिवारीच दोन वेळचं सामान भरून ठेवा. जेवणाची वेळ बारा ते दोन. सव्वादोनला गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं आणि कोणी तुमच्यासाठी ते उघडणार नाही. दुकानात शिरताना आधी 'बाँझूर' म्हणा, मग काय हवं ते. थेट 'हे कितीला?' म्हटलंत तर समोरच्याचा चेहरा सदाशिव पेठेतला होतो. प्यायचं पाणी संपलं तर गावचं कब्रस्तान शोधा, तिथे नळ बहुधा असतोच. फक्त 'नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका.

वहिनींच्या जेवणाचं. हा बदकाचा मुलूख आहे. सॅलड मागवलं तरी त्यात बदकाचे अवयव निघू शकतात. तिथला प्रसिद्ध कासुले दिसायला पावट्याच्या उसळीसारखा, पण त्यात बदक आणि सॉसेज. गरम चीज घातलेलं सॅलड, म्हणजे शेव्हर शो, बहुतेक ठिकाणी मिळतं, अंडं चालत असेल तर ऑम्लेट मिळतं. आम्ही सौ. सोबत होती त्या खेपेला स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घेतल्या आणि डब्यातल्या मसुरांची आमटी केली. घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला न्या. पेढे-बर्फी नेऊ नका, दुधाचे पदार्थ प्रवाशांना युरोपीय संघात आणता येत नाहीत.

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यात सायकलप्रवास धरलाय का, हे एजंटला लेखी विचारा. अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर सायकल चालवताना चमकणारं जाकीट अंगात असणं कायद्याने बंधनकारक आहे, ते सोबत ठेवा.

तुलूझनंतरच्या चार-पाच दिवसांत मिदी असा करा. पहिला दिवस डांबरावरून नोरूझच्या खिंडीपर्यंत. ही १८९ मीटरवरची जागा म्हणजे या कालव्याचं मर्म. इथून पाणी एका बाजूला अटलांटिककडे, दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्राकडे उतरतं. सगळ्यात उंच जागी पाणी आणायचं कुठून, हाच तर खरा प्रश्न होता. पिएर-पॉल रिके हा मिठाचा कर वसूल करणारा माणूस. त्याने हे पाणी माँताञ्य न्वार डोंगरातले ओढे अडवून, चर खणून आणलं. १६६६ ला परवानगी, १६८१ ला कालवा खुला, आणि रिके त्याच्या आदल्याच वर्षी गेला. मग कास्तेलनोदारीहून सरळ आगगाडीत बसा, कारकासोनचा किल्ला बघा, पुन्हा आगगाडीने बेझिए. तिथे फोंसेरानला आठ लॉकांचा जिना आहे, एकूण चढ साडेएकवीस मीटरचा. तिथून सेतपर्यंत सायकल, शेवटचा टप्पा समुद्रालगत. वारा बहुधा पश्चिमेकडून म्हणजे पाठीवर असतो. उलटा सुटला तर त्या दिवशीही आगगाडी.

बोर्दोहून निघताना पाँ द पिएर या जुन्या दगडी पुलावरून नदी ओलांडा. तिथे ट्राम, सायकली आणि चालणारे, खासगी गाड्या नाहीत. पलीकडे गेल्यावर उजवीकडे वळा, नदी उजव्या हाताला ठेवा. लात्रेनपासून जुन्या रेल्वेमार्गाची झालेली सायकलवाट लागते, ती क्रेओंवरून सोव्हतेर-द-ग्विएनला नेते. ५५ किलोमीटर, पहिल्या दिवसाला पुरे. हे १२८१ मध्ये वसवलेलं तटबंदीचं गाव, चारही वेशी अजून उभ्या आहेत. दुसऱ्या दिवशी ला रेओलपर्यंत चौदा-पंधरा किलोमीटर चढउताराच्या गल्लीरस्त्यांनी जायचंय, तेव्हा त्या रात्री वहिनींच्या सीटची उंची एकदा बघून घ्या.