फरांग, खॅक आणि चाकरमानी

एका वाचक मावशींची विचारणा अशी आहे. भाचा दीड वर्षापासून बँकॉकला नोकरीला आहे. ‘मला एनआरआय म्हणू नकोस मावशी, मी एक्सपॅट आहे,’ असं तो बजावतो. त्यावरून मावशींना दोन प्रश्न पडलेत. एक्सपॅटला, म्हणजे नोकरीसाठी परदेशी राहणाऱ्याला, मराठीत काय म्हणायचं? आणि थायलंडात गोऱ्या माणसाला ‘फरांग’ म्हणतात, तो आपला फिरंगीच का? जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय की भाच्याला तिथे कुणी फरांग म्हणत नाही, ‘खॅक’ म्हणतात. आणि त्याचा अर्थ विचारला की ऑफिसातली मंडळी हसून विषय बदलतात.

खरी मेख या जाता जाता लिहिलेल्या ओळीत आहे. पण आधी सोपं उरकून घेऊ.

फरांग आणि फिरंगी एकाच घरातले. युरोपातल्या फ्रँक लोकांच्या नावावरून अरबांनी ‘इफ्रंज’ केलं, इराण्यांनी ‘फरंग’, आणि मग पश्चिमेकडून येणारा कुठलाही ख्रिस्ती माणूस त्या एका नावात कोंबला. थायलंडची जुनी राजधानी अयुथ्थया. तिथे इराणी व्यापारी वसले होते, काही तर दरबारात मानाच्या जागेवर होते. शब्द तिथे पोचायला वाट सरळ होती. लाओसात तो ‘फालांग’ झाला, कंबोडियात ‘बारांग’, आणि मलेशियातल्या पिनांगच्या किनाऱ्यावर बातू फेरिंगी नावाचं गावच आहे. घाईत बोलणारा बँकॉककर ‘र’चा ‘ल’ करतो, त्यामुळे रस्त्यावर ‘फलांग’ही ऐकू येईल. ‘फरांगसेट’ म्हणजे फ्रेंच, त्याचंच हे तुटकं रूप, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. पोर्तुगीजांनी १५११ साली मलाक्का घेतलं आणि त्याच साली त्यांचा वकील अयुथ्थयेत पोचला. फ्रेंच वकिलाती तिथे आल्या त्यानंतर दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी.

आपल्याकडे मात्र हा शब्द आवळला गेला. मराठी दप्तरांत फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच), फरासिस (फ्रेंच) असे वेगवेगळे मोजतात आणि त्या सगळ्यांना मिळून ‘टोपीकर’ म्हणतात. वसई-साष्टीकडचा पोर्तुगीज अमलातला मुलूख तो फिरंगाण. युरोपी पात्याची सरळ तलवार ती फिरंग. आणि सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात गर्मीच्या रोगाचं नाव फिरंग. शेजारी, हत्यार आणि गुप्तरोग, सगळं एकाच शब्दात. लौकिक म्हणतात तो हा.

थायमध्ये त्याच शब्दाला फळ लागलं, तेही शब्दशः. मी पहिल्यांदा बँकॉकला गेलो तेव्हा सिलोम रस्त्यावरच्या एका गल्लीच्या तोंडाशी फळवाल्या बाईची काचेची गाडी उभी होती. ती माझ्याकडे बघून ‘फरांग, फरांग’ म्हणाली. मी मागे वळून पाहिलं, गोरा कुठे दिसेना. तिने बर्फावरच्या हिरव्यागार फोडींवर बोट आपटलं. पेरू! थायमध्ये पेरूलाही फरांगच म्हणतात, परक्यांनी आणला म्हणून. सोबत मीठ, साखर आणि लाल तिखटाची पुडी मिळते. आपल्या शाळेबाहेरच्या पेरूवाल्याची आठवण येते, फक्त साखर जरा खटकते. आणि आपण तरी काय केलंय? पेरू पोर्तुगीजांनीच आणला. नाव पेरू देशावरून पडलं की त्यांच्या नासपतीच्या ‘पेरा’वरून, यावर आपल्याकडे वाद चालतो. पण नाव परदेशी, हे दोन्ही बाजूंना मान्य. थायमध्ये बटाटा म्हणजे ‘मन फरांग’, फरांगांचा कंद. च्युइंग गम म्हणजे ‘माक फरांग’, फरांगांची सुपारी. दिवसभर चघळायचं आणि गिळायचं नाही, हे पाहून कुणाला तरी ते सुचलं असणार. मला हा शब्द फार आवडतो.

एक फाटा फोडतो, माफ करा. आपली विलायती चिंच, ती गुलाबी-पांढऱ्या गराची, वेटोळ्या शेंगांची, थायलंडातही आहे. तिथे तिचं नाव ‘मखाम थेत’. मखाम म्हणजे चिंच, आणि थेत म्हणजे परदेशी. हा थेत कोण? आपला संस्कृत ‘देश’! थायमध्ये जाऊन देशचा अर्थ परदेश झाला. आपण देशी म्हणतो घरच्याला, ते म्हणतात बाहेरच्याला. टोमॅटोही तसाच, ‘मखुआ थेत’, परदेशी वांगं.

आता खॅक. त्याचा मूळ अर्थ पाहुणा. घरी जेवायला बोलावलेला माणूसही खॅकच. पण माणसांच्या गटाला लावला की तो भारतीय, मलय, अरब, इराणी अशा पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून आलेल्या सावळ्या मंडळींचा शब्द होतो. त्यात ‘अतिथी देवो भव’ शोधू नका. थायमध्ये एक म्हण आहे: साप आणि खॅक एकदम दिसले तर आधी खॅकला झोडपा. मावशी, ऑफिसातले लोक हसले ते यामुळे. तरी भाच्याने लगेच मनाला लावून घ्यावं असंही नाही. बोलणाऱ्याचा सूर पाहायचा. बाजारातली म्हातारी ‘खॅक’ म्हणते तेव्हा ती बहुधा फक्त माहिती देत असते, आपल्याकडे एखादी आजी ‘तो मद्रासी डॉक्टर’ म्हणते तशी. शिकलेले थाय हल्ली ‘खोन इंडिया’, म्हणजे भारतीय माणूस, असं म्हणायला लागलेत.

मला या प्रकरणात जे दिसतं ते असं. आशियातल्या शहरांत गोऱ्यांसाठी जे शब्द निघाले ते बहुतेक शिवीसारखे होते, आणि पुढे त्यांची धार गेली. आपल्यासारख्यांना जे शब्द मिळाले त्यातले बरेच मुळात सभ्य होते, आणि ते पुढे आंबले.

हाँगकाँग घ्या. गोऱ्याला कँटोनीजमध्ये ‘ग्वाय-लो’ म्हणतात. ग्वाय म्हणजे भूत, पिशाच; लो म्हणजे माणूस, तोही ‘बाप्या’ म्हणावं तितपत आदराचा. बाई असेल तर ग्वाय-पो. अफूच्या युद्धानंतर आलेल्या साहेबाला ही पदवी मिळाली. आज तिथले गोरे स्वतःच ती मिरवतात; या नावाची बिअरही निघाली आहे. एका ब्रिटिश माणसाने, कामावर आपल्याला ग्वाय-लो म्हणत आणि भेदभाव करत, असा दावा लावला. २०२२ साली तिथल्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. हा शब्द उच्चारला म्हणजे अपमान झालाच, असं न्यायाधीशांना वाटलं नाही. आणि आपल्याला त्याच हाँगकाँगात काय म्हणतात? ‘आ-चा’. कुणी म्हणतात हा आपला ‘अच्छा’, आपली मंडळी वाक्यागणिक म्हणतात तो. कुणी म्हणतात चाय-यान म्हणजे पोलीस, त्यातला ‘चा’, कारण सुरुवातीला तिथल्या पोलिसांत शीख पुष्कळ होते. दोन्हींपैकी काहीही धरा, मुळात शिवी नाही. आज मात्र ती शिवी आहे. शांघायमध्ये तेच झालं: आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या शीख शिपायाला लाल फेट्यामुळे ‘लालडोक्या आ-सान’ म्हणत, आणि त्यातला आ-सान आज चिनी इंटरनेटवर सगळ्या भारतीयांसाठी कुचकटपणे वापरतात. गोऱ्यासाठी तिथला शब्द ‘लाओ-वाय’, आणि त्यातला लाओ हा आपल्या ‘काका’, ‘बुवा’सारखा सलगीचा.

मलय भाषेतला ‘केलिंग’ तर सरळ कलिंगावरून आला. जुन्या मलय लेखनात केलिंग हा दूरचा, श्रीमंत व्यापाराचा देश आहे. मलाक्कात आजही कांपुंग क्लिंग नावाची देखणी जुनी मशीद आहे. पण आज क्वालालंपूरमध्ये तमीळ माणसाला कुणी केलिंग म्हटलं तर भांडण अटळ. आखातात भारतीय, बांगलादेशी मजुराला हाक मारतात ‘रफीक’. रफीक म्हणजे मित्र, सोबती. ज्या सुरात ती हाक येते तो सूर रत्नागिरीकडच्या, कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या तिथल्या मालकाच्या, हाताखाली वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा.

बाकी गोऱ्यांचाही लौकिक शहरागणिक बदलतो. हाँगकाँगचा साहेब म्हणजे बँकेतला, पैसेवाला, पिणारा. त्यांच्यातच एक टवाळी प्रचलित आहे, ‘लंडनमध्ये नापास झालात? हाँगकाँग बघा.’ इंग्रजीत तिच्या आद्याक्षरांचा शब्द होतो ‘घाण’. बँकॉकचा फरांग म्हणजे निवृत्त, पोट सुटलेला, सोबत तरुण थाय बाई. किंवा खाओसान रस्त्यावर पाठपिशवी टाकून घासाघीस करणारा. या दुसऱ्या जातीसाठी खास शब्द आहे, ‘फरांग खी-नोक’. खी-नोक म्हणजे पक्ष्याची शीट, आणि तीही मूळची पेरूचीच एक बारकी, हलकी जात! टोकियोचा ‘गाइजिन’ म्हणजे इंग्रजी शिकवणारा. सिंगापूरचा ‘आंग-मो’, म्हणजे लालकेस्या, स्विमिंग पूलवाल्या सोसायटीत बायकामुलांसह राहणारा सभ्य गृहस्थ. एकाच मँचेस्टरच्या माणसाची चार शहरांत चार अब्रू.

सिंगापूरमध्ये तर सरकारी कागदच शब्द ठरवतो. एम्प्लॉयमेंट पासवर आलेला तो परदेशी व्यावसायिक, वर्क परमिटवर आलेला तो परदेशी कामगार. इमारत तीच, एक तिच्यात बसतो, दुसरा ती बांधतो. एम्प्लॉयमेंट पासवर गेलेल्या आपल्या आयटीवाल्यांना वाटतं आपण पहिल्या रांगेत. पण २००५ साली भारत-सिंगापूर आर्थिक करार झाला, इंग्रजी आद्याक्षरांत ‘सेका’, आणि आता तिथे इंटरनेटवर भारतीयाला हिणवताना ‘सेका’ म्हणतात. कराराच्या नावाची शिवी झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

म्हणजे एक्सपॅट कोण? लॅटिनमध्ये एक्स म्हणजे बाहेर, पात्रिया म्हणजे पितृभूमी; ‘पितृ’ आणि ‘पात्रिया’ नात्यातलेच. इंग्रजीत हे क्रियापद आधी देशाबाहेर घालवून देण्यासाठी चालायचं. तेव्हा अगदी प्रामाणिक भाषांतर हवं असेल तर ‘हद्दपार’ घ्या, पण भाच्याला सांगू नका. आज हाँगकाँगात बँकर सात वर्षं राहिला की कायम वास्तव्याचा हक्क मागू शकतो. फिलिपिन्सहून आलेली, त्याच्याच घरी स्वयंपाक करणारी बाई वीस वर्षं राहिली तरी नाही. तिचं तिथलं राहणं ‘सामान्य वास्तव्य’ धरत नाहीत, असा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. पितृभूमीच्या बाहेर दोघंही आहेत. पण एक्सपॅट एकच. दुबईत निदान इंग्रजी वर्तमानपत्रं तरी नागरिक नसलेल्या सगळ्यांनाच एक्सपॅट लिहितात, गवंड्यापासून बँकरपर्यंत, आणि दर दहांतले जवळपास नऊ जण तसे असल्यामुळे त्या शब्दाला तिथे काही तोराच उरलेला नाही.

मराठीत बघू. ‘अनिवासी’ हा आयकर खात्याचा शब्द, जेवताना कुणी उच्चारत नाही. ‘प्रवासी’ हिंदीने या अर्थी घेतला, ९ जानेवारीला प्रवासी भारतीय दिवस असतो. पण मराठी कानाला प्रवासी म्हणजे एसटीतला, सुट्टे पैसे जवळ ठेवणारा. ‘स्थलांतरित’ म्हटलं की पुढे ‘मजूर’ आपोआप येतो. ‘परागंदा’ म्हणजे काहीतरी करून पळालेला. ‘परदेशस्थ’ वर्तमानपत्राला चालेल, त्यात खोट नाही, पण जीवही नाही.

मला विचाराल तर एक्सपॅटचा आशय मराठीत एकाच शब्दात आहे, ‘चाकरमानी’. परळच्या खोलीत तीस वर्षं काढायची, आणि ‘घर कुठे?’ विचारलं की गावाचं नाव सांगायचं. पैसे गावी पाठवायचे. गणपतीला आणि शिमग्याला हक्काची रजा. गावात मान, कारण हातात रोकडा. आणि मागे थोडी कुजबुज, की मुंबईला नक्की करतो काय. एक्सपॅटच्या पॅकेजमध्ये वर्षाला एक घरवापसीचं तिकीट असतं ना, ते चाकरमान्याने गिरणीच्या काळातच मिळवलेलं आहे. गंमत म्हणजे या शब्दावरही आक्षेप आला. ‘चाकर’ आहे त्यात, हे कमीपणाचं, अशी तक्रार झाली आणि २०२५च्या गणपतीआधी सरकारी कागदांत ‘कोकणवासीय’ लिहावं असा निर्देश निघाला. मला तो पटला नाही. कोकणवासीय तर देवगडला आंबे राखत बसलेलाही आहे. चाकरमानी तो, जो तिथे राहत नाही. ग्वाय-लोवाल्या न्यायाधीशांकडे हा खटला जायला हवा होता.

भाचा या शब्दाला नाक मुरडेल, कल्पना आहे. त्याला परदेशस्थ म्हणा आणि मनात चाकरमानी समजा.

बँकॉकच्या त्याच सिलोम रस्त्यावर तमिळांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेलं मारियम्मनचं देऊळ आहे. आत गणपतीही आहे, आणि हात जोडून उभे असलेल्यांत भारतीयांपेक्षा थायच जास्त दिसतात. कागदोपत्री नाव श्री महा उमादेवी. परतीच्या दिवशी टॅक्सीवाल्याला मी ते तीन वेळा सांगितलं, त्याच्या डोक्यात शिरेना. शेवटी लोक म्हणतात ते नाव घेतलं, ‘वत खॅक’, पाहुण्यांचं देऊळ. त्याने आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं, ‘आऽ’ म्हणाला, आणि मीटर टाकला.