कन्व्हेन्शनमध्ये कॉस्प्लेयर्सचे चांगले फोटो कसे काढायचे?

तुम्ही लिहिलंय की घरच्यांचे, मित्रमंडळींचे पोर्ट्रेट काढता येतात पण कन्व्हेन्शनला, म्हणजे कॉमिक्स-सिनेमांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन जाताय, तर कॉस्प्लेयर्सना, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून आलेल्यांना, फोटोसाठी विचारायचं कसं, लेन्स कुठली न्यायची, फोन चालेल का, आणि आपले फोटो बाकीच्या शंभर जणांसारखेच येऊ नयेत म्हणून काय करायचं. मी बरीच वर्षं हे फोटो काढतोय आणि मनापासून आवडतं मला हे काम, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

शेवटचा मुद्दा आधी घेतो कारण माझ्या मते बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. परवानगी मिळाली की क्लिक करायच्या आधी एक प्रश्न विचारा, "यात सगळ्यात जास्त वेळ कशाला लागला?" बस. समोरचा माणूस लगेच खुलतो, पोजच्या नावाखाली आलेला ताठरपणा निघून जातो, आणि मुख्य म्हणजे फोटो कशाचा काढायचा हे तुम्हाला कळतं. एकदा एक मुलगी मोठे पंख लावून आली होती, सगळे समोरून फोटो काढून जात होते, समोरून ते पंख म्हणजे मागे उभे केलेले दोन पांढरे पुठ्ठे वाटत होते. मी हा प्रश्न विचारला तर ती सरळ पाठ करूनच उभी राहिली. पाठीवर पट्ट्यांचा हार्नेस, त्याच्यावर पाईपची फ्रेम, सांध्यांना बिजागऱ्या, आणि तिथून एक बारीक नायलॉनची दोरी बाहीच्या आतून मनगटापर्यंत आणलेली. मनगट खाली ओढलं की पंख उघडायचे. पिसं म्हणजे फोमचे तुकडे, एकेक कापून कडेला गरम करून वळवलेले, खालच्या ओळीतले मोठे आणि वर जाताना लहान होत गेलेले. मग आम्ही फोटो बाजूने काढला, हात खाली ओढलेला, पंख अर्धे उघडलेले, शटर १/५००, आणि एक वेगळा फक्त त्या बिजागरीचा. तिने स्वतःच्या पेजवर नंतर जो टाकला तो बिजागरीचाच.

चेहरा आणि पोज सगळेच टिपतात हो, पण जे हाताने बनवलंय ते कुणी बघत नाही. कन्व्हेन्शनला वेशभूषा करून जायची सुरुवात सांगताना १९३९ च्या न्यूयॉर्कमधल्या पहिल्या वर्ल्ड सायन्स फिक्शन कन्व्हेन्शनचं उदाहरण नेहमी देतात, तिथे फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोन चाहते भविष्यातल्या माणसांचे कपडे घालून गेले होते. नाव बरीच वर्षं अॅकरमनचंच घेतलं गेलं, पण दोघांचेही कपडे शिवले होते मर्टलने. म्हणून मी ड्रेस कुणी बनवलाय हे आवर्जून विचारतो आणि फोटो टाकताना लिहितो. विकत घेतला असेल तरी काही कमीपणा नाही, मग विग सेट करणं किंवा मेकअप त्यांचा असतो, त्याचं लिहायचं.

आता विचारण्याबद्दल. "फोटो काढू का?" एवढंच स्पष्ट विचारायचं, नजरेला नजर देऊन, आणि नाही म्हटले तर थँक्यू म्हणून पुढे जायचं, "का नाही" असं विचारत बसायचं नाही. कोणी खात असेल, फोनवर बोलत असेल, हेल्मेट काढून घाम पुसत असेल तर तेव्हा विचारायचंसुद्धा नाही. लांबून झूम लावून चोरून काढलेले फोटो मला अजिबात पटत नाहीत, कॅंडिडच्या नावाखाली तर मुळीच नाही. लहान मुलं असतील तर आईवडिलांना विचारायचं. ड्रेसला, विगला, प्रॉपला हात लावायचा नाही, केस विस्कटलेत किंवा लेबल बाहेर आलंय असं दिसलं तर तोंडाने सांगा, ते स्वतः नीट करतील, आणि हे सांगितलेलं सगळ्यांना आवडतंच. तुम्ही वाकून खालून फोटो घेणार असाल, म्हणजे चिलखतवाली पात्रं खालच्या अँगलने भारदस्त दिसतात म्हणून, तर आधी सांगून वाका, आणि स्कर्ट किंवा तोकडे कपडे असतील तर तो अँगल सोडूनच द्या. २०१४ मध्ये न्यूयॉर्क कॉमिक कॉनमध्ये "कॉस्प्ले इज नॉट कन्सेंट", म्हणजे वेश केला म्हणून संमती दिली असं नाही, असे मोठे बोर्ड लावावे लागले ते काही उगाच नाही. कपडे पात्राचे असले तरी आत माणूस आहे.

जागेचे नियम आधी वाचून जा. टोकियोच्या कॉमिकेट या कॉमिक्सच्या मोठ्या मेळाव्यात कॉस्प्लेच्या फोटोंसाठी जागा ठरवून दिलेल्या असतात, लोक घरून ड्रेस घालून येत नाहीत, तिथेच बदलतात, आणि फोटोग्राफर रांग लावून एकेक करून काढतात, गर्दी फारच झाली तर सगळे गोल करून उभे राहतात आणि उलटी मोजणी झाली की थांबतात. ही रांगेची पद्धत मला फार आवडते. इतर ठिकाणी तुम्ही स्वतः काळजी घ्या, वाटेत थांबवू नका, "जरा त्या भिंतीकडे येता का" म्हणा, चार-पाच फ्रेम घ्या आणि सोडा. जड चिलखत घातलेल्या माणसाला आतून खूप उकडत असतं, हेल्मेटमधून नीट ऐकूही येत नाही, त्यामुळे हाताने खुणा करा. रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या असतील तर बऱ्याच जणांना नीट दिसत नाही, मागे पायरी असेल तर "मागे व्हा" म्हणू नका.

लेन्स म्हणाल तर मी फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० किंवा ८५ मिमी वापरतो, गर्दी असेल तर २४-७० ची झूम. अॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) मात्र एफ १.४ वर ठेवू नका, पोर्ट्रेटवाल्यांना ती सवय असते पण इथे तलवार पुढे केलेली असते, खांद्यावरचं चिलखत मागे असतं, डोळे शार्प आणि बाकी सगळी मेहनत धूसर असं होतं. ४ किंवा ५.६ ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० झाला तरी होऊ दे, नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, नंतर कमी करता येतो, धूसर शिवण नाही.

हॉलचा उजेड हे खरं दुखणं. छत उंच असतं त्यामुळे फ्लॅश वर मारून काही परत येत नाही, आणि समोरून थेट मारला की सिंथेटिक विग प्लास्टिकसारखा चमकतो. छोटा सॉफ्टबॉक्स हातात धरून बाजूने द्या, किंवा सरळ दाराजवळ, मोठ्या काचेजवळ, बाहेर सावलीत न्या. हॉलमधले काही दिवे लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण फोटोत आडवे पट्टे येतात. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे शटर १/१०० किंवा १/५०, ६० हर्ट्झची असेल तिथे १/१२५ किंवा १/६० ठेवलं की बहुतेक जातात, कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. ऑटो व्हाइट बॅलन्सवर विसंबू नका, अंगभर हिरवा रंग लावलेला माणूस समोर आला की कॅमेरा गोंधळतो आणि तो हिरवा उतरवून टाकतो, ज्या रंगासाठी त्या बिचाऱ्याने पहाटे उठून दोन तास मेकअप केलाय. ग्रे कार्डवर, म्हणजे करड्या रंगाच्या कार्डावर, व्हाइट बॅलन्स सेट करा आणि रॉ फॉरमॅटमध्ये काढा, म्हणजे रंग नंतरही नीट करता येतात. ड्रेसमध्ये एलईडी असतील तर फ्लॅश एकदम कमी आणि शटर हळू, नाहीतर ते दिवे बंदच वाटतात.

फोटो द्यायचं विसरू नका. प्रत्येकाची शेवटची फ्रेम म्हणून त्यांच्या फोनवरचं प्रोफाइल किंवा क्यूआर कोडचा फोटो काढून ठेवा, घरी गेल्यावर कुणाचा कुठला हे शोधायला लागत नाही. आधी त्यांना पाठवा, मग टाका, आणि काढून टाका म्हणाले तर लगेच काढा. एडिटमध्ये विगची जाळी दिसत असेल तर झाका, सुटलेला धागा मिटवा, पण न विचारता कंबर बारीक करणं, रंग उजळ करणं हे करू नका.

आणि फोन चालेल का, तर हो, आरामात चालेल. फक्त वाइड लेन्सने जवळ जाऊन काढू नका, चेहरा ताणला जातो, दोन पावलं मागे होऊन २एक्स वापरा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो विगचे सुटे केस आणि भाल्याचं टोक बॅकग्राउंड समजून खाऊन टाकतो.