आरोग्य-शंका : बंब, शेगडी आणि थंडीतला धूर

प्रश्न : आमचं घर लष्कर भागातल्या जुन्या वाड्यात आहे. चौकात तांब्याचा बंब रोज पहाटे पेटतो. सासूबाईंना दमा आहे आणि डिसेंबर लागला की खोकला बळावतो. दोष शहराच्या हवेचा की बंबाचा?
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : दोन्हींचा. पण बंबाचा धूर सासूबाईंच्या उशापर्यंत येतो, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

थंडीत पहाटे वारा पडलेला असतो. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, त्यामुळे धूर वर चढत नाही, गल्लीबोळांत साचतो. चारही बाजूंनी बंद चौकात तर तो थेट खोल्यांत शिरतो. ऊन तापलं की हवा मोकळी होते. म्हणून सासूबाईंची आंघोळ अकरानंतर ठेवा, खिडक्याही तेव्हाच उघडा.

लाकडाच्या धुरातले बहुतेक कण अडीच मायक्रॉनहून बारीक असतात. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो. हे कण नाकात अडकत नाहीत. फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाऊन ते श्वासनलिकांना सूज आणतात, काही रक्तातही उतरतात. म्हणूनच धुराने दम्याबरोबर हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. अशा कणांची चोवीस तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासून 15. तेव्हा सरकारी आकडा मर्यादेत दिसला तरी दमेकऱ्याने निर्धास्त राहू नये.

बंब धुरकटतो तो ओल्या लाकडाने आणि कोंडलेल्या हवेने. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या आत हवी. त्यासाठी मनगटाएवढे तुकडे फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून पण बाजूंनी मोकळे असे निदान सहा महिने ठेवावे लागतात. वाळलेले दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत वाजतात, ओले बद्द आवाज करतात. खालच्या जाळीवरची राख रोज काढा, नाहीतर हवा वर येत नाही आणि लाकूड जळण्याऐवजी नुसतं धुमसतं. मधलं नळकांडं गच्च भरू नका, त्यातली काजळी आठवड्याला घासून काढा. पेटवायला पॉलिथीनची पिशवी, प्लायवूडचे तुकडे किंवा रंगवलेल्या जुन्या चौकटी मुळीच वापरू नका. जुन्या रंगात शिसं असतं, ते धुरात आणि राखेत उतरतं.

एवढं करून धूर कमी होईल, संपणार नाही. घरात दमेकरी असताना विजेचा गीझर किंवा सौर बंब घ्यावा, असंच आम्ही सांगू. गॅस गीझर घेतलात तर तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : वडील रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात. निखारे लाल झाले की धूर नसतो, मग काय बिघडतं?
– एक वाचक, मोरार

उत्तर : शेगडी आजच बाहेर काढा. धूर थांबला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच जाणवत नाही. खिडकीची फट ठेवली म्हणजे भागलं, असं मानू नका. वडिलांना जाड रजई आणि कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी द्या.

सकाळी घरातल्या दोघातिघांचं एकदम डोकं धरलं तर दारं-खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर आणा आणि 108 ला फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. चिकटलेला वायू ऑक्सिजन आहे की कार्बन मोनॉक्साइड हे त्याला ओळखता येत नाही, आकडा चांगलाच दिसतो.

प्रश्न : सकाळी फिरायला जाताना तोंडाला ओढणी किंवा रुमाल बांधला तर पुरतो का? मलाही दमा आहे.

उत्तर : नाही. बारीक कण कापडातून सहज जातात. एन-95 मास्क वापरा, नाकावरची पट्टी दाबून बसवा. कडेने हवा शिरत असेल तर त्याचा उपयोग नाही. वायू मात्र तोही अडवत नाही. त्याहून बरं म्हणजे फिरणं दुपारनंतर, शेकोट्या पेटण्याआधी उरकणं. डॉक्टरांनी रोज घ्यायला दिलेला इनहेलर बरं वाटलं म्हणून थंडीत सोडू नका, आणि घेतल्यावर चूळ भरा. तातडीचा इनहेलर घेऊनही दम उतरत नसेल, एक वाक्य पुरं बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठा.