एकटीनं हनोईत उतरताना

प्रश्न : ताई, मी 54 वर्षांची. जानेवारीअखेर एकटीच व्हिएतनामला निघाले आहे. मुलगा म्हणतो टूरबरोबर जा, पण मला बसमध्ये अंताक्षरी खेळायची नाही. विमान पहाटे हनोईला उतरतं. काय काय बघायचं ते सगळे सांगतात, उतरल्यावरचे पहिले काही तास कसे जातात ते कुणी सांगत नाही. ता. क. मी शाकाहारी आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : अंताक्षरीबाबत मी तुमच्या बाजूची.

पहाटे उतरणाऱ्याला गर्दीपेक्षा रिकामा वेळ जास्त छळतो. नोई बाय विमानतळावर शिक्का बसून बाहेर पडेपर्यंत तासभर धरा, जुन्या शहरात पोचायला आणखी पाऊण-एक तास. आठच्या आत तुम्ही हॉटेलच्या दारात उभ्या, आणि खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोनला मिळते. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, त्यामुळे तिथे सकाळ उजाडलेली असली तरी तुमच्या अंगात अजून रात्रच असते. अशा वेळी 'कशाला आले मी इथे?' हा प्रश्न हमखास पडतो. त्याला उत्तर देत बसू नका. बॅग काउंटरवर ठेवा, तोंड धुवा आणि होआन कीएम तळ्याकडे चालू लागा.

त्याआधी विमानतळावरची कामं उरकून घ्या. सिम आणि थोडे पैसे आतच घ्या. ग्रॅब हे टॅक्सी बोलावण्याचं ॲप मात्र सांगलीतूनच नोंदवून जा, कारण त्याचा ओटीपी तुमच्या इथल्या नंबरावर येतो. भाडं आधी दिसतं, घासाघीस नाही. अंगावर सामान कमी असेल तर 86 नंबरची नारिंगी बसही शहरात जाते. दाराबाहेर 'टॅक्सी, टॅक्सी' करत मागे लागणाऱ्यांना मान हलवून नाही म्हणा आणि चालत राहा. आणि हो, ई-व्हिसावर नाव पासपोर्टबरहुकूम हवं. आपल्याकडे स्वतःच्या नावाला नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव चिकटलेलं असतं, ते पासपोर्टात जसं आहे तसंच तिथे भरा.

पैशांचा मामला पहिल्या दिवशी चक्रावून टाकतो. एका रुपयाला साधारण 300 डोंग. किमतीतली शेवटची तीन शून्यं झाकायची, उरलेल्या आकड्याला तीननं गुणायचं आणि वर थोडं धरायचं, की रुपये निघतात. खरी फसगत रंगाची. 20,000 ची नोट निळी आणि 5,00,000 चीही निळीच, दोन्हींवर हो ची मिन्ह. एक सत्तरेक रुपयांची, दुसरी दीड हजाराच्या वरची. मोठ्या नोटा पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

व्हिएतनाम म्हणजे उकाडा, असं समजून सुती कपडे भरू नका. हनोई उत्तरेला आहे. जानेवारीत तिथे आभाळ राखाडी असतं, बारीक भुरभुर पडते, स्वेटर लागतो. पहिल्या नजरेला शहर उदासच वाटतं. मग लाल रंग दिसायला लागतो. त्यांचं नववर्ष, टेट, चांद्र पंचांगानं जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतं. त्याआधी हांग मा या गल्लीत लाल कंदील आणि तोरणं लागतात, आणि पीचच्या कळ्यांनी भरलेली अख्खी फांदी मोटारसायकलच्या मागे बांधून माणसं घरी नेताना दिसतात. टेटची तारीख मात्र बघून जा, ऐन सणात बरीच दुकानं बंद असतात.

तळ्याकाठी सकाळी म्हाताऱ्यांचं राज्य असतं. स्पीकरवर गाणी लावून बायका रांगेनं हातपाय हलवत असतात. कडेला उभं राहिलं तरी कुणी ढुंकून बघत नाही. एकटीला याचं फार बरं वाटतं. मी तिथे फूटपाथवरच्या बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर गार चहा घेतला होता. किती द्यायचे ते कळेना, म्हणून तळहातावर नोटा पसरल्या. चहावालीनं त्यातली 5,000 ची उचलली, उरलेल्यांवर माझी बोटं मिटवली आणि मूठ थोपटली. तोवर विमानतळापासून ताठ झालेली माझी मान तिथे सैल झाली.

आता रस्ता ओलांडणं. आपल्याला वाटतं, पुण्यात आयुष्य काढलंय, आम्हाला काय शिकवता! पण आपली सवयच तिथे नडते. आपण धावतो, मध्येच थबकतो, एक पाऊल मागे येतो. हनोईत मोटारसायकलवाला तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूनं जातो, तुम्ही थबकलात की त्याचा अंदाज चुकतो. म्हणून एका संथ चालीनं, न थांबता, न मागे फिरता जायचं. बस आणि मोटारी मात्र वळसा घालत नाहीत, त्या आधी जाऊ द्या. पहिल्यांदा भीती वाटली तर एखाद्या आजीच्या शेजारी उभ्या राहा आणि ती निघाली की निघा. फूटपाथवर गाड्या लावलेल्या असतात, त्यामुळे चालायचंही रस्त्यावरूनच.

त्या दिवशी बाकी काही ठरवू नका. देवळं, संग्रहालयं, 'हा लाँग बे' नावाचा उपसागर, सगळं उद्या. दुपारी खोली मिळाली की झोपा. दार लावल्यावर थोडं रडू आलं तर येऊ द्या, बहुतेकींना येतं.

शाकाहाराचं सांगते. 'फो' या तिथल्या शेवयांच्या सूपमधलं मांस काढून द्या म्हणून उपयोग नाही, त्याचं पाणीच हाडांचं असतं. वरवर साध्या दिसणाऱ्या भाजीतही माशाचा सॉस पडतो. 'आन चाय' म्हणजे शाकाहारी, ही अक्षरं फोनमध्ये त्यांच्यासारखी रोमन लिपीत, 'ăn chay' अशी ठेवा आणि दाखवा. 'chay' लिहिलेली खाणावळ दिसली की बिनधास्त शिरा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच बौद्ध लोक मांसाहार करत नाहीत, त्या दिवसांत निवड जास्त मिळते. भात कुठेही मिळतो. शेंगदाण्याची चटणी न्या, पण मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या नको.