शाळिग्रामातले चक्र गोगलगायीचे का?

प्रश्न : आमच्या देवघरात आजोबांपासून चालत आलेला शाळिग्राम असून त्यातील चक्र मला समुद्री गोगलगायीच्या शंखासारखे वाटते. नुकताच एका प्रदर्शनात मी मोरोक्कोतून आणलेला ट्रायलोबाइटही (कवच असलेल्या, नामशेष समुद्री प्राण्याचा जीवाश्म) विकत घेतला. हे दोन्ही जीव एकाच काळातले का? महाराष्ट्रात ट्रायलोबाइट सापडू शकेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शाळिग्रामातील चक्र गोगलगायीचे नव्हे, तर अमोनाइट या नामशेष समुद्री प्राण्याचे असते, म्हणजे नात्याने ते माकूळ आणि ऑक्टोपस यांच्या जवळचे आहे. गोगलगायीचा शंख बहुधा मळसूत्रासारखा वर चढत टोकाला निमुळता होतो, तर अमोनाइटचे वेढे सहसा चकलीसारखे एकाच पातळीत असतात. मात्र काही गोगलगायींचे शंखही चपटे असल्यामुळे खरी ओळख आतच पटते : गोगलगायीच्या शंखाची पोकळी सहसा सलग असते, अमोनाइटची मात्र आडव्या पडद्यांनी कप्प्याकप्प्यांत विभागलेली असते. अर्थात, त्यासाठी पूजेतला शाळिग्राम कापण्याची गरज नाही. वेढे एका पातळीत आहेत एवढे पाहिले तरी पुरे.

नेपाळमधील काली गंडकी नदीच्या पात्रात मिळणारे हे गोटे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी आज हिमालय आहे तेथे असलेल्या टेथिस समुद्राच्या तळाशी साचलेल्या काळ्या चिखलातून घडले. तोवर ट्रायलोबाइट नामशेष होऊन दहा कोटी वर्षे उलटली होती, कारण ते सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी अवतरले आणि २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात संपले. समुद्री गोगलगायींनी मात्र ट्रायलोबाइटांचा शेजारही अनुभवला, अमोनाइटांचाही, आणि त्या आजही आहेत.

ट्रायलोबाइटच्या नावातले तीन भाग म्हणजे डोके, धड आणि शेपूट असा समज सर्रास आढळतो, परंतु ते तीन भाग लांबीच्या दिशेने पडलेले, म्हणजे मधला कणा आणि त्याच्या दोन बाजू, असे असतात. खेकड्याप्रमाणे हा प्राणीही वाढताना वारंवार कात टाकत असे, त्यामुळे त्याचे अनेक जीवाश्म ही मृत देहाची नव्हे, तर टाकलेल्या कवचाची खूण असते. मोरोक्कोच्या मालात रेझिनच्या नकला पुष्कळ असतात, तेव्हा तुमचा नमुना भिंगाखाली पाहावा. हवेचे बारीक बुडबुडे दिसले तर संशय घ्यावा. उलट खडक आणि जीवाश्म या दोहोंतून सलग गेलेली, चिकटवलेली तडा दिसली तर ते चांगले लक्षण समजावे, कारण असा खडक फोडताना जीवाश्मही बहुधा त्याच रेषेत दुभंगतो.

महाराष्ट्रात ट्रायलोबाइट मिळण्याची आशा धरू नये. पैनगंगेकाठचा चुनखडक ट्रायलोबाइटांपेक्षाही जुना, चंद्रपूरचे कोळशाचे थर नद्यांच्या गाळाचे आणि राज्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टने, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाने, झाकलेला आहे. त्या लाव्हाच्या थरांमधील गाळात, उदाहरणार्थ नागपूरजवळ टाकळी येथे, गोगलगायींचे जीवाश्म सापडले आहेत खरे, पण त्या गोड्या पाण्यातल्या आहेत. भारतात ट्रायलोबाइट पाहायचे तर हिमाचल प्रदेशातील स्पितीची पराहिओ दरी गाठावी लागेल.