काठावरचं घर आणि काउंटीचं दार

वाचकांचे प्रश्न : परदेशातलं घर-जमीन

(या सदराच्या लेखिका अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) नियोजन खात्यात किनाऱ्यावरच्या बांधकामांचे अर्ज तपासत असत. आता निवृत्त आहेत.)

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही बेलव्ह्यूला राहतो. व्हिडबी बेटावर समुद्राच्या कड्यावरचं एक जुनं लाकडी घर घेतलं आहे. खाली पुळण आहे. हिवाळ्यातल्या पावसात कड्याची माती सुटते. कंत्राटदार म्हणतो, पायथ्याशी काँक्रीटची भिंत घालून टाका. स्वतःच्या राहत्या घराला परमिट लागत नाही, काउंटीकडे जायचं कारणच नाही. घरही पाण्याच्या बाजूला थोडं वाढवायचा विचार आहे. माझं माहेर श्रीवर्धनचं. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांच्या नियमांच्या, नावाने लोकांना मारावे लागलेले हेलपाटे पाहिले आहेत, म्हणून आधीच विचारते.

उत्तर : आधी विचारलंत याचा फार आनंद झाला. बहुतेक लोक काँक्रीटचा ट्रक येऊन गेल्यावर विचारतात, आणि तेव्हा काउंटीकडे देण्यासारखं उत्तर फार थोडं उरतं.

कंत्राटदाराचं म्हणणं अर्धंच खरं आहे. वॉशिंग्टन राज्याचा किनारा कायदा 1971 चा. मोठ्या बांधकामाला त्याखाली जे मुख्य परमिट लागतं, त्यातून स्वतःच्या कुटुंबाला राहण्यासाठी बांधलेल्या, 35 फुटांपेक्षा उंच नसलेल्या घराला सूट आहे. घर वाचवण्यासाठी घातलेल्या साध्या भिंतीलाही आहे. पण ही सूट फक्त त्या एका परमिटापुरती. किनाऱ्यापासून किती अंतर सोडायचं, कोणती झाडं तोडायची नाहीत, भिंत कधी घालता येते, हे सगळे नियम तुम्हाला जसेच्या तसे लागू राहतात. सूट आहे हेही काउंटीकडून लेखी घ्यायचं असतं. नियमातलं अंतर पाळता येत नसेल तर अपवाद मागावा लागतो. तो काउंटीने मंजूर केला तरी राज्याच्या पर्यावरण खात्याची मोहोर लागल्याशिवाय पक्का होत नाही. घर पाण्याच्या बाजूला वाढवायचा विचार मात्र आजच सोडा. ढासळणाऱ्या कड्यावर पुढे सरकायला कुठलाही शहाणा प्लॅनर हो म्हणणार नाही, आणि मीही म्हणणार नाही.

श्रीवर्धनचा उल्लेख केलात म्हणून एक फरक सांगते. सीआरझेडची अधिसूचना, 1991 ची असो की 2019 ची, निघते दिल्लीतून. वॉशिंग्टनमध्ये राज्य फक्त चौकट ठरवतं. तिच्यात प्रत्येक काउंटी आणि किनाऱ्यावरचं प्रत्येक शहर आपापला किनारा आराखडा लिहितं, त्यावर लोकांच्या हरकती-सूचना घेतं, आणि राज्याचं पर्यावरण खातं तो मंजूर करतं. राज्यात काउंट्या 39 आहेत. त्यामुळे किंग काउंटीत तुमच्या मित्राला जे करता आलं, ते तुमच्या आयलंड काउंटीत, म्हणजे व्हिडबी बेट जिच्यात येतं तिथे, चालेलच असं धरून चालू नका. तुमचा आराखडा कूपव्हिलच्या काउंटी कार्यालयात आहे, त्यांच्या वेबसाइटवरही आहे. दिवाणखान्याच्या खिडक्या कुठे असाव्यात हे ठरवण्याआधी तो वाचा.

कायद्याचा पट्टा 200 फुटांचा. समुद्र, वीस एकर आणि त्याहून मोठी तळी, मोठ्या नद्या, या सगळ्यांच्या काठापासून जमिनीकडे मोजायचा. मोजायला सुरुवात कुठून करायची, यावर मी माणसांना कुंपणाशी उभं राहून तावातावाने भांडताना पाहिलं आहे. सुरुवात होते ती नेहमीच्या भरतीच्या पाण्याने जमिनीवर आणि झाडोऱ्यावर उमटवलेल्या खुणेपासून. ती खूण नकाशावर आयती सापडत नाही, जागेवर जाऊन वाचावी लागते. वाहत आलेले ओंडके कुठे अडकलेत, खाऱ्या पाण्यातलं गवत कुठे संपतं आणि जमिनीवरची झुडपं कुठे सुरू होतात, मातीचा पोत कुठे बदलतो, हे सगळं बघायचं. जाणकार जीवशास्त्रज्ञाकडून ती खूण आधी आखून घ्या. तिच्यावाचून काढलेला प्लॅन काउंटी परत पाठवते.

आता भिंतीकडे वळू. हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

प्यूजेट साउंड म्हणजे इथला जमिनीत आत शिरलेला समुद्र. त्याच्या पुळणींना वाळू आणि गोटे कुठून मिळतात? फार मोठा भाग तुमच्यासारख्याच ढासळणाऱ्या कड्यांमधून. माती सुटते, लाटा ती किनाऱ्याने पुढे नेतात, आणि मैलभर पलीकडची पुळण त्यावर टिकते. पायथ्याशी भिंत घातली की हा पुरवठा बंद. वर भिंतीवर आपटून परत फिरणारी लाट समोरची उरलीसुरली वाळूही उकरून नेते. काही वर्षांत पुळण खाली जाते आणि भिंतीपुढे नुसते दगड उरतात. सर्फ स्मेल्ट आणि सँड लान्स हे बोटभर मासे आपली अंडी याच पुळणीच्या वरच्या पट्ट्यात, भरतीच्या रेषेजवळच्या बारीक वाळूत घालतात. चिनूक सामन त्यांना खातो, आणि या भागात वर्षानुवर्षं येणारे ऑर्का देवमासे मुख्यतः चिनूकवर जगतात. इथला चिनूक 1999 मध्ये संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला, ऑर्का 2005 मध्ये. प्यूजेट साउंडचा चौथ्या हिश्श्याहून जास्त किनारा आज भिंतींनी आणि दगडी बांधांनी बंद झाला आहे. प्रत्येक भिंत घालणाऱ्याला वाटलं होतं, माझ्या साठ फुटांनी काय होणार आहे. तुमची भिंत ही त्या रांगेतली आणखी एक ठरेल, म्हणून काउंटी तुम्हाला इतके प्रश्न विचारते. ते प्रश्न रास्तच आहेत.

नियमही तसेच आहेत. लॉन वाचवायला भिंत मिळत नाही. घर खरोखर धोक्यात आहे, काहीच केलं नाही तर साधारण तीन वर्षांत त्याला इजा होईल, असं भूतंत्रज्ञाच्या अहवालात दाखवावं लागतं. आधी मऊ उपाय तपासून पाहावे लागतात : ओंडके रोवून, वाळू-गोटे भरून, झाडं लावून काठ धरून ठेवणं. काउंटीशिवाय मत्स्य आणि वन्यजीव खात्याची वेगळी मंजुरी लागते. पाण्याच्या हद्दीत काम गेलं तर लष्कराच्या अभियंता विभागाचीही. जुनी भिंत बदलायची असली तरी 2021 च्या कायद्यानुसार कमीत कमी नुकसान करणारा शक्य पर्याय निवडावा लागतो.

आणि पुष्कळदा दुखणं पायथ्याशी नसतंच, ते वर असतं. 27 मार्च 2013 च्या पहाटे तुमच्याच बेटावर लेजवुड भागात कड्याचा प्रचंड तुकडा खाली गेला. एक घर उद्ध्वस्त झालं, आजूबाजूच्या कित्येक घरांतून लोकांना बाहेर पडावं लागलं. ते खोलवरचं, जुनं भूस्खलन होतं. पायथ्याच्या कुठल्याच भिंतीने ते थांबलं नसतं. म्हणून काँक्रीटवाल्याच्या आधी भूगर्भतज्ज्ञाला बोलवा. छपराच्या पन्हळीचं पाणी कड्यावर सोडलेलं असेल तर ते बंद पाइपातून पायथ्यापर्यंत न्या. कड्यावरच्या लॉनला पाणी घालणं थांबवा. सेप्टिकचं पाणी कुठे मुरतं ते तपासून घ्या. समुद्र दिसावा म्हणून झुडपं छाटू नका, त्यांच्या मुळांनीच तो कडा धरला आहे. जमिनीला मागे जागा असेल तर घर उचलून मागे नेण्याचा खर्च काढा. इकडे लाकडी घरं खरंच मागे हलवतात, आणि कधी कधी ते भिंतीपेक्षा स्वस्त पडतं. प्यूजेट साउंडच्या अनेक काउंट्यांमध्ये ‘शोअर फ्रेंडली’ नावाचा कार्यक्रम चालतो. त्यांची माणसं जागेवर येऊन सल्ला देतात, आणि हे लोक तुम्हाला काही विकायला आलेले नसतात.

या सगळ्यानंतरही भिंतच लागते असं ठरलं, तर अर्ज करण्याआधी नियोजन खात्याबरोबर अर्जपूर्व बैठक घ्या. टेबलापलीकडे बसलेला प्लॅनर तुमचा शत्रू नाही. मी त्या खुर्चीत बसले आहे. स्वच्छ आराखडा, खुणेची रेषा आणि अहवाल घेऊन आलेल्या माणसाचं काम पुढे सरकावं असंच आम्हाला वाटायचं.

प्रश्न : ताई, आमचं घर हूड कॅनाल या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या काठी आहे. शेजारच्या प्लॉटवर लांबलचक खाजगी डॉक बांधणार असल्याचा काउंटीचा फलक लागला आहे. आमच्या समोर पाण्यात हिरवं गवत आहे, तिथे खेकड्यांची पिल्लं दिसतात. यजमान म्हणतात, काउंटीचा कारभार पाहणाऱ्या कमिशनरना जाऊन भेटू, एक जण ओळखीचे आहेत. काय करावं?

उत्तर : कमिशनरना भेटू नका. गावाकडे सरपंचांना गाठतो तसं इथे केलंत तर तुमचंच नुकसान होईल. असे अर्ज बहुतेक काउंट्यांत हिअरिंग एक्झामिनरपुढे चालतात, आणि तो न्यायाधीशासारखा बसतो. निर्णय ज्याच्या हातात आहे त्याच्याशी एका पक्षाने खाजगीत बोलायचं नाही, असा या राज्यात कायदाच आहे. अपिलात प्रकरण कमिशनरांपुढे येणार असेल तर तो त्यांनाही लागू होतो. ओळखीच्या त्या गृहस्थांना मग बाजूला व्हावं लागेल.

जे करायचं ते लेखी. या परमिटाच्या सूचनेनंतर हरकतींसाठी साधारण 30 दिवस मिळतात. फलकावर शेवटची तारीख आणि अर्ज क्रमांक असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. काउंटीकडून पूर्ण फाइल मागा, ती पाहायचा तुम्हाला हक्क आहे. ते हिरवं गवत बहुधा ईलग्रास असावं. माशांच्या आणि खेकड्यांच्या पिल्लांचं ते घर. डॉकच्या सावलीत ते मरतं, म्हणून नियमांमध्ये डॉकची रुंदी, उजेड खाली जाऊ देणारी जाळीदार फळी, खांबांची जागा या सगळ्याला महत्त्व आहे. तुमच्या पत्रात तेच यायला हवं. मोठ्या ओहोटीला, म्हणजे उन्हाळ्यातल्या दिवसाच्या ओहोटीत, तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा. गवत कुठून कुठवर आहे ते अर्जदाराच्याच नकाशावर आखा. त्याच्या सर्वेक्षणात ते दाखवलेलं नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

‘आमचा व्ह्यू जातो’ हे एकाच घराचं गाऱ्हाणं सहसा टिकत नाही. शेजाऱ्याच्या स्वभावाबद्दल, त्याच्या पैशाबद्दल एक अक्षर लिहू नका. पानभर संतापापेक्षा आराखड्यातलं एक कलम आणि एक फोटो प्लॅनरच्या अहवालात जास्त जागा मिळवतो. पत्राच्या शेवटी लिहा की निर्णयाची प्रत आम्हाला पाठवा. सुनावणीला दोघंही जा. मराठी घरातली माणसं इथे सुनावणीत बोलायला बिचकतात, आपल्या उच्चारांची लाज वाटते. वाटू देऊ नका. ईलग्रास कुठे आहे हे रोज पाहणारे तुम्हीच आहात.

आणखी एक आवाज या फाइलमध्ये असू शकतो. हूड कॅनालच्या काठच्या मूळनिवासी ट्राइब्जनी 1855 च्या पॉइंट नो पॉइंट तहात जमीन दिली, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. 1974 मध्ये न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालाने सामनच्या धरता येण्याजोग्या वाट्यातला निम्मा त्यांचा ठरवला, 1994 च्या निकालाने शिंपले-कालवांबाबतही तसंच झालं. त्यांची नैसर्गिक संसाधनांची खाती असे अर्ज बारकाईने वाचतात. त्यांचं पत्र आलेलं असेल तर मागून वाचा, खूप शिकायला मिळेल.

निकाल विरुद्ध गेला तर राज्याच्या शोअरलाइन्स हिअरिंग्ज बोर्डाकडे अपील करता येतं. काउंटीचा निर्णय पर्यावरण खात्याकडे दाखल झाल्याच्या तारखेपासून 21 दिवस. ही मुदत एक दिवसही वाढत नाही. या मुदतीत शेजाऱ्यालाही काम सुरू करता येत नाही. बोर्डासमोर पुरावा नव्याने मांडता येतो, पण तिथवर वकील आणि तज्ज्ञांचा खर्च अंगावर येतो. म्हणून पहिल्या 30 दिवसांतच मेहनत घ्या.

शेजाऱ्यांनी काय होणार, असं वाटत असेल तर एक सांगते. हा कायदाच शेजाऱ्यांच्या खटल्यातून पुढे आला. चेलान सरोवराच्या काठी, उन्हाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीवर एकाने भराव घातला. शेजारी कोर्टात गेले. 1969 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की त्या पाण्यावर नौकेने फिरण्याचा हक्क सगळ्यांचा आहे, भराव काढा. त्यानंतर दोन वर्षांनी कायदा झाला आणि 1972 मध्ये मतदारांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं.

प्रश्न : ओहोटीच्या वेळी कुणाच्याही घरासमोरच्या पुळणीवरून चालता येतं ना? एका गृहस्थांनी आम्हाला हाकललं. आई भारतातून आली होती, तिला फार वाईट वाटलं.

उत्तर : आईंना वाईट वाटणं मला समजतं, आपल्याकडे पुळण अडवण्याची कल्पनाच नाही. पण वॉशिंग्टनने राज्य झाल्यापासून भरती-ओहोटीमधली जमीन खाजगी लोकांना विकली, ती विक्री 1971 मध्ये थांबली. तोवर प्यूजेट साउंडमधली बरीचशी विकली गेली होती. त्यामुळे ते गृहस्थ त्या जमिनीचे मालक असू शकतात. काउंटी असेसरच्या, म्हणजे करासाठी मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाच्या, नकाशावर प्लॉटची हद्द पाण्यात कुठवर जाते ते दिसतं. स्टेट पार्क आणि काउंटीच्या बीचवर मात्र निर्धास्त जा. पुढच्या वेळी आईंना व्हिडबीवर एबीज लँडिंगला न्या. जाण्याआधी ओहोटीची वेळ पाहा, आणि कड्याच्या अगदी खाली बसू नका.