७६ वर्षांच्या वडिलांसाठी मोबिलिटी स्कूटर : तीन चाकी घ्यावी की चार चाकी?

तुम्ही लिहिलंय की वडील ७६ वर्षांचे आहेत, दोन्ही गुडघे झिजलेत, घरात काठीवर फिरतात पण रस्त्यावर थोडं चाललं की टेकायला कट्टा शोधतात. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट जुनी. देऊळ, बाग आणि भाजीवाला इथपर्यंत त्यांना कुणाला सोबत न घेता जायचंय. बजेट सव्वा लाखापर्यंत. आणि प्रश्न एवढाच, की मोबिलिटी स्कूटर, म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांनी बसून चालवायची बॅटरीची छोटी गाडी, तीन चाकी घ्यावी की चार चाकी. सांगतो, पण त्याआधी टेप घेऊन लिफ्टपाशी जाऊन या.

मी व्हीलचेअर आणि अशा बॅटरीच्या स्कूटर दुरुस्त करतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी स्कूटर बिघडलेल्या नसतातच, नुसत्या पडून राहून वाया गेलेल्या असतात. लिफ्टमध्ये मावली नाही म्हणून खाली पार्किंगमध्ये ठेवली, तिथे प्लग नाही म्हणून चार्जिंग राहिलं, चार-सहा महिन्यांत बॅटरी बसली, आणि मग परगावचा मुलगा फोनवर विचारतो, "कंपनी फालतू आहे का हो?" कंपनी बरी असते. घरातून रस्त्यापर्यंतची वाट कुणी बघितलेली नसते.

लिफ्टच्या आत किलोची पाटी असते ती वाचा. २७२ किलो म्हणजे चार माणसांची लिफ्ट. तिची केबिन साधारण ११० सेंटीमीटर रुंद आणि ७० खोल. लहानात लहान स्कूटरही ९५-१०० सेंटीमीटर लांब असते, त्यामुळे वर बसून आत जायचा विषयच संपला. ४०८ किलो म्हणजे सहा माणसांची, खोली १०० च्या आसपास. इथे छोटी स्कूटर जेमतेम जाते. ५४४ किलोची, म्हणजे आठ माणसांची असेल तर खोली ११० पर्यंत आणि दार ८० चं मिळतं, मग निवडीला वाव राहतो. अर्थात जुन्या इमारतीत पाटी एक आणि माप भलतंच, असंही असतं. शिवाय जाळीच्या सरकत्या दाराची घडी एका बाजूला तीन-चार बोटं जागा खाते. दार पूर्ण उघडा आणि जी मोकळी फट उरते तीच मोजा. आत गाडी वळवता येणार नाही, सरळ आत जाऊन रिव्हर्समध्ये बाहेर यावं लागेल. वडिलांची मान मागे वळते का, तेही बघून ठेवा. मानेचाही त्रास असेल तर आरसा लावून घ्या.

मावत नसेल तर काही बिघडत नाही. तुमचे वडील काठीने लिफ्टपर्यंत आणि खाली पार्किंगपर्यंत चालू शकतात, आणि डॉक्टरांनी मना केलं नसेल तर तेवढं त्यांनी चालायलाच हवं. स्कूटर आली म्हणून घरातलं चालणंही सुटलं, तर मांड्यांची ताकद महिन्या-दोन महिन्यांत उतरते आणि मग स्कूटरवर चढणंही जड जातं. पण खाली ठेवायची तर तिथे प्लग हवा, आणि प्लग म्हटलं की सोसायटीची कमिटी आली. कॉमन मीटरवर चार्जिंग कसं करू द्यायचं, यावर एका सोसायटीत अख्खी मीटिंग झालेली मला माहीत आहे. कमिटीला हिशेब द्या : २४ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण रिकामी झाली तरी ती भरायला अर्धा-पाऊण युनिट लागतं. साधा ५ अँपिअरचा सॉकेट पुरतो. सबमीटर (तुमच्या चार्जिंगची वीज वेगळी मोजणारा छोटा मीटर) बसवून घ्या, वादच नको. बॅटरी काढून घरी नेता येईल असं मॉडेल मिळालं तर कमिटीचीही गरज नाही, फक्त ती कोण उचलणार ते ठरवा. लेड-अ‍ॅसिडचा जोड बारा-तेरा किलोंचा भरतो, लिथियमची त्याहून खूपच हलकी असते.

मग इमारतीच्या पायऱ्या. उताराचा ठरलेला हिशेब एकास बारा : एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फुटांचा रॅम्प, तीन पायऱ्या असतील तर अठरा. लोक तीन पायऱ्यांवर पाच फुटांची लोखंडी प्लेट टाकतात आणि आजोबा उतरताना पुढे झुकतात. असलं काही करू नका.

आता तुमचा प्रश्न. तीन चाकी कमी जागेत वळते, आणि पुढे पाय पसरायला जागा मिळते. ज्यांचे गुडघे पुरते वाकत नाहीत त्यांच्यासाठी ती जागा फार मोलाची. चार चाकीत पुढची चाकं पायांच्या दोन्ही बाजूंना येतात, पाय जवळ घेऊन बसावं लागतं, वळायला जागा जास्त लागते, पण कडेला कलंडायची भीती कमी. तीन चाकी उलटते ती बहुधा उतारावर वेगात वळताना, किंवा फुटपाथच्या काठावरून एक चाक खाली घसरल्यावर. आपल्याकडचे फुटपाथ पाहता मी चार चाकीकडे झुकतो. मात्र काही छोट्या चार चाकींची पुढची दोन्ही चाकं अगदी चिकटून असतात. त्या नावाला चार चाकी, तोल तीन चाकीचाच. वडील ऐंशी-नव्वद किलोंचे असतील तर हे नक्की तपासा. गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकत नसेल किंवा लिफ्टमधूनच न्यायची असेल, तर तीन चाकी घ्या आणि वेग कमी ठेवा.

पण चाकांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती हँडलवरच्या लिव्हरची. हे दुकानदार सांगत नाही आणि पुण्यात तर मुद्दाम सांगायला हवं. या स्कूटरला बहुतेक वेळा वेगळा ब्रेक नसतो. उजवी लिव्हर बोटांनी ओढली किंवा अंगठ्याने दाबली की गाडी पुढे जाते, सोडली की मोटरचा ब्रेक आपोआप लागतो आणि गाडी थांबते. ज्याने चाळीस वर्षं चेतक चालवली, त्याच्या उजव्या हाताची बोटं संकटात काय करतात? लिव्हर आवळतात. चेतकवर तिथे पुढचा ब्रेक होता, इथे तिथे अ‍ॅक्सिलरेटर आहे. माझ्या ओळखीच्या एका आजोबांसमोर पार्किंगमध्ये कुत्रं आडवं आलं. त्यांनी सवयीने लिव्हर घट्ट धरली, आजी मागून ओरडल्या, "अहो, ब्रेक दाबा!", त्यांनी आणखी जोर लावला आणि गाडी सरळ तुळशीच्या कुंडीत. कुत्रं कधीच पळालं होतं. लागलं काही नाही, पण आजोबांनी महिनाभर स्कूटरला हात लावला नाही.

यावर इलाज आहे. हँडलवर वेगाचं गोल बटण असतं, त्याच्या एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा असतो. सुरुवातीचे काही आठवडे ते कासवावरच ठेवा. दुपारी पार्किंग रिकामं असताना वडिलांना एकच सराव द्या : गाडी चालू, तुम्ही अचानक टाळी वाजवायची, त्यांनी हात उघडायचा. आणि घरच्यांनी "ब्रेक" हा शब्द विसरायचा, ओरडायचंच झालं तर "हात सोडा!" म्हणायचं. बऱ्याच गाड्यांच्या कंट्रोलरमध्ये (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग) गाडीने किती झटक्यात वेग घ्यायचा ते कमी करता येतं. त्यासाठी प्रोग्रामर नावाचं यंत्र लागतं, ते डीलरकडे असायला हवं. खरेदीआधी विचारा, "पिकअप कमी करून द्याल का?" उत्तर देताना चाचरला तर सर्व्हिस कशी मिळणार ते कळलंच. काही स्कूटरना सायकलसारखा हातब्रेक वेगळा असतो. तुमच्या वडिलांनी दुचाकी चालवली असेल तर तसली आधी बघा.

अंगठ्याच्या सांध्यात संधिवात असेल तर अंगठ्याने दाबायची लिव्हर दहा मिनिटांत दुखू लागते, बोटांनी ओढायची सोसते. हात थरथरत असतील, नजर कडेने कमी झाली असेल (काचबिंदूत असं होतं), उठल्यावर चक्कर येत असेल, किंवा ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होत असेल, तर स्कूटरचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी बोला. दिवसभर बसूनच राहणाऱ्या माणसासाठी जॉयस्टिकची पॉवर व्हीलचेअर असते. ती वेगळी वस्तू आहे. तुमच्या वडिलांच्या वर्णनावरून त्यांना स्कूटरच योग्य वाटते.

सीटबद्दल एक. झिजलेल्या गुडघ्यांचा खरा त्रास उठताना होतो. सीट जमिनीपासून निदान ४५-५० सेंटीमीटर हवी, बाजूला नव्वद अंशांत वळून तिथेच लॉक होणारी हवी, आणि हातांना जोर देता येईल असे भक्कम आर्मरेस्ट हवेत. जाहिरातीत जी सूटकेससारखी घडी होणारी स्कूटर दिसते तिच्यात यातलं बरंच काही नसतं. सीट पातळ, न वळणारी, आर्मरेस्ट नावापुरते. ती गाडीच्या डिकीत घालून मुलासोबत फिरायला ठीक. आणि घडी झाली तरी वजन वीस-पंचवीस किलो राहतंच, ते वडील स्वतः उचलणार नाहीत. रोज देवळात जायला मला ती पसंत नाही.

आपल्या रस्त्यांवर चाकाचा आकार आणि पोटाखालची उंची बघावी लागते. छोट्या स्कूटरची चाकं सात-आठ इंचांची आणि पोट जमिनीपासून जेमतेम दोन-तीन इंचांवर. सोसायटीच्या गेटपाशी जो हौसेने बांधलेला उंच स्पीडब्रेकर असतो ना, त्यावर ती मधोमध अडकते आणि मागची चाकं हवेत फिरतात. दहा इंची चाकं घ्या. भरीव टायरला पंक्चर नाही, पण पेव्हर ब्लॉकवर मणक्यांपर्यंत हादरे जातात. हवेचे टायर मऊ, पण हवा बघावी लागते. पाठदुखी असेल तर हवेचे. देवळाच्या आणि बागेच्या वाटेवर तुम्ही स्वतः एकदा टेप घेऊन चालून या. दुचाकी चढू नयेत म्हणून फुटपाथच्या तोंडाला खांब रोवलेले असतात, बागेच्या फाटकाला वाकडंतिकडं वळण असतं, तिथे साठ सेंटीमीटर रुंद स्कूटर अडते. जंगली महाराज रस्त्यासारखे रुंद फुटपाथ सगळ्यांच्या नशिबात नसतात. बसेस धावतात त्या रस्त्यावर वडिलांना एकट्याने पाठवू नका. ताशी सहा-आठ किलोमीटरने जाणारी बुटकी गाडी ड्रायव्हरला दिसतच नाही. मागे उंच काठीवर भगवा-नारिंगी झेंडा लावा, काम करतो.

बॅटरी. लेड-अ‍ॅसिड स्वस्त, पण तिला रिकामं ठेवलेलं चालत नाही. वापरली की त्याच दिवशी चार्जिंग, न वापरता ठेवली तरी महिन्यातून एकदा तरी. लिथियम महाग, हलकी, जास्त टिकते. तिला कंपनीचाच चार्जर लावा आणि जिन्यात किंवा घराबाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंगला ठेवू नका. कंपनी सांगते त्या अंतराच्या निम्मं धरा, ते आकडे सपाट रस्त्यावरचे आणि नव्या बॅटरीचे असतात. परदेशात मुलीकडे वगैरे न्यायची असेल तर बॅटरी काढता येणारी आणि ३०० वॉट-अवरच्या आतली घ्या (२४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर म्हणजे २८८), आणि तिकीट काढतानाच एअरलाइनला सांगा.

गाडीच्या मागे एक खटका असतो, तो न्यूट्रलमध्ये टाकला की बंद गाडी ढकलता येते. पण मग ब्रेकही सुटलेला असतो. उतारावर वडील वर बसलेले असताना त्याला कुणी हात लावायचा नाही, नातवंडांना हे आधी सांगा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. भिजली तर पुरती वाळल्याशिवाय चार्जरला लावू नका.

पैशांचं म्हणाल तर सव्वा लाखात बरी नवी मिळते. सरकारी मदतीवर विसंबू नका. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना उपकरणांसाठी ३,००० रुपये मिळतात, तेही दोन लाखांच्या आतलं कौटुंबिक उत्पन्न असेल तर. त्यात काठी-वॉकर होतो, स्कूटर नाही. जुनी घ्यायला मात्र माझी मुळीच ना नाही. घरातलं माणूस गेलं की नव्यासारखी स्कूटर निम्म्या किमतीत निघते. फक्त तिच्यातली बॅटरी मेली आहे असंच धरून नव्या बॅटरीचा खर्च किमतीत जोडा, आणि त्या मॉडेलचा चार्जर, टायर, कंट्रोलर पुण्या-मुंबईत मिळतो का ते विचारून घ्या. कंट्रोलर परदेशातून मागवावा लागला तर गाडी तीन महिने उभी.

डीलरला गाडी घेऊन तुमच्या इमारतीत बोलवा, शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच छान चालतात. वडिलांना वीस मिनिटं बसवा, गेटबाहेर नेऊन आणा, उठताना त्यांचा चेहरा बघा. लिफ्टच्या पाटीवरचे किलो, दाराची मोकळी फट, केबिनची खोली आणि वडिलांचं वजन खाली लिहा, मग कुठली बसेल ते सांगतो.